रुद्रनाथाहून अनसूयेकडे

उत्तराखंडातल्या गढवालात शंकराची पाच देवळं आहेत, त्या पंचकेदारांपैकी आपल्या लोकांना ठाऊक असतो तो केदारनाथ. इंदूरच्या मराठी वस्त्यांमधून दर उन्हाळ्यात चारधामच्या गाड्या भरून जातात, परत आल्यावर राजेंद्रनगरात, लोकमान्यनगरात घरोघरी मावंदं होतं. रुद्रनाथ करून आलेलं माणूस मात्र शोधावं लागतं. तिथे मोटार जात नाही. शेवटच्या गावापासून देवळापर्यंत अठरा-वीस किलोमीटरची वाट आहे आणि तीही बहुतेक उभ्या चढाची. कथा सगळ्यांना माहीत आहे. भारतीय युद्धानंतर गोत्रहत्येचं पाप फेडायला पांडव शंकराच्या मागे निघाले, त्याने रेड्याचं रूप घेतलं, भीमाने ते ओळखलं, आणि जमिनीत शिरलेला देव पाच ठिकाणी प्रकटला. पाठ केदारनाथला, बाहू तुंगनाथला, नाभी मध्यमहेश्वरला, जटा कल्पेश्वरला आणि मुख रुद्रनाथला. पाचांमध्ये देवाचं तोंड पाहायचं तर इथेच यावं लागतं.

आमच्या माहेरच्या घराला तिकडे ओढणारी आणखी एक गोष्ट होती. आमचं गोत्र अत्री. रुद्रनाथाहून मंडल गावाकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेवर अनसूयामातेचं देऊळ आणि अत्रिमुनींची गुहा आहे, आणि दत्तात्रेयांचा जन्म तिथलाच, असं गढवालात मानतात. दत्तसंप्रदायातले टेंबेस्वामी, त्यांचे शिष्य नानामहाराज तराणेकर ज्या इंदुरात राहिले, तिथे वाढलेल्या माणसाला पाय उचलायला एवढं कारण पुरतं. आपण माहूरला दत्तजन्माचं स्थान मानतो, तिथेही अनसूयेचं शिखर आहे. चित्रकूटचे लोक तिचा आश्रम त्यांच्याकडे दाखवतात. यात खरं कोणतं, असा वाद आमच्या घरी कधी झाला नाही. जिथे अनसूयेचं नाव आहे तिथे जाऊन डोकं टेकावं, अशी बाबांची शिकवण.

बाबांची तिथी दशमीची. रुद्रनाथाजवळ वैतरणी वाहते, तिथे पितरांना पाणी द्यायची चाल आहे, आणि पितृपक्षात एकदा तरी बाबांच्या नावाने तिथे ओंजळ सोडावी हे दादाच्या मनात फार दिवस होतं. म्हणून सप्टेंबरचा शेवट ठरला. पाऊस ओसरलेला असतो आणि ऑक्टोबरात देवळाचं कपाट, म्हणजे दार, हिवाळ्यासाठी बंद व्हायला अवकाश असतो. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि मी असे निघालो. ह्यांना बँकेतून रजा मिळाली नाही.

तयारी जूनपासून चालू होती. आधी रविवारी सकाळी इंदूरजवळची रालामंडलची टेकडी, पाय सरावल्यावर देवासची मातेची टेकडी, आणि शेवटी पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन तीच टेकडी लागोपाठ चढून-उतरून. साठीच्या आसपासच्या माणसाने ही यात्रा करावी का, असं मला बरेच जण विचारतात. करावी, पण अशी तयारी करून करावी. डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी आणि उताराचा सराव चढाइतकाच करावा. याचं कारण पुढे येईलच.

शनिवार-रविवार : हरिद्वार

गाडीचा प्रवास गाडीच्या प्रवासासारखाच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि इंदूरची शेव डब्यातल्या सगळ्यांना पुरली. हरिद्वारला मुक्काम केला तो मुद्दाम कुशावर्त घाटाजवळ. पितृकार्याचा हा घाट अहिल्याबाईंनी बांधलेला. आम्ही इंदूरचे आहोत कळल्यावर तिथल्या गुरुजींनी पायऱ्यांकडे हात केला आणि म्हणाले, "ये तो आप ही के घर का है।" दादाने त्या पायरीला हात लावून नमस्कार केला. रात्री लवकर झोपलो.

सोमवार : हरिद्वार ते गोपेश्वर

दहा तास जीप. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात, रुद्रप्रयागला मंदाकिनी येते, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. दरीतून सतत अलकनंदा दिसत राहते, पावसाळ्यानंतरची, गढूळ आणि जोरात. दरडी ठिकठिकाणी कोसळलेल्या होत्या, दोनदा तासतासभर थांबावं लागलं. या रस्त्यावर निघताना एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवावा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. चमोलीहून रस्ता नदी सोडून वर चढतो आणि गोपेश्वर येतं.

मंगळवार : गोपेश्वर

हा दिवस आम्ही उंचीची सवय व्हावी म्हणून राखला होता. गोपेश्वर दीड हजार मीटरच्या आसपास आहे आणि इथलं गोपीनाथाचं देऊळ म्हणजे रुद्रनाथाची हिवाळ्यातली गादी. कपाट बंद झालं की देवाची डोली वरून इथे येते आणि सहा-सात महिने पूजा इथेच चालते. म्हणून वर जाण्याआधी इथे कळवून जायचं, अशी रीत.

देऊळ इथल्या जुन्या कत्युरी घराण्यातल्या राजांच्या काळातलं, भलं मोठं, कोरीव कामाचा सोस नसलेलं. अंगणात पाच मीटरभर उंचीचा धातूचा त्रिशूळ उभा आहे. त्यावर जुने लेख कोरलेले आहेत, त्यातला अनेकमल्ल राजाचा लेख इसवी सन 1191 चा. इतक्या उन्हापावसातही त्याला गंज नाही. जोर लावून ढकललं तर हा त्रिशूळ हलत नाही, भक्ताने करंगळी लावली तर थरथरतो, असं इथे सांगतात. भाच्याने करंगळी लावली. पुजाऱ्यांनी हसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्हाला विचारलं, कोणत्या वाटेने उतरणार? मंडलच्या, म्हटल्यावर ते गंभीर झाले. ती वाट जंगलाची आहे, खेचर तिथे चालत नाही, मधे दुकान नाही, वाटाड्याशिवाय जाऊ नका, असं दोन-दोनदा बजावलं. हा सगळा भाग 1972 साली जाहीर झालेल्या केदारनाथ अभयारण्यात येतो. संध्याकाळी पुजाऱ्यांच्याच ओळखीने सगर गावचा एक वाटाड्या ठरला. पंचविशीतला पोरगा, बोलायला कमी. त्याने आमचे बूट उलटे करून तळवे पाहिले, मान हलवली, आणि उद्या सहाला तयार राहा म्हणाला.

बुधवार : सगर ते पनार

सगर गाव गोपेश्वरपासून चार-पाच किलोमीटरवर, रस्त्यालगत. वाट गावातूनच सुरू होते. दोन्ही बाजूंना पायऱ्यांची शेतं, त्यांत नाचणी आणि राजगिरा. राजगिरा पिकायला आला होता, किरमिजी रंगाची कणसं माणसाच्या छातीपर्यंत. उपासाचा राजगिरा आम्ही आयुष्यभर खाल्ला, शेतात उभा असलेला पहिल्यांदा पाहिला. वहिनी एका कणसाला हात लावून बराच वेळ उभी होती. शेतातल्या बाईने ओरडून विचारलं, कुठून आलात? इंदूर म्हटल्यावर तिने एवढंच सांगितलं की धीरे-धीरे जाना.

पुंग बुग्यालापर्यंत चढ सोसवतो. बुग्याल म्हणजे डोंगरातलं गवताळ पठार. पुंगला चारी बाजूंनी जंगल आणि मधे हिरवं मैदान आहे, एक चहाची झोपडी आहे. तिथे मॅगी खाल्ली. खरी परीक्षा तिथून पुढे. बांज आणि खरसू या ओकच्या जातींच्या जंगलातून वाट सरळ वर जाते. नागमोडी वळणं आहेत, पण प्रत्येक वळणानंतर तेवढाच चढ पुन्हा समोर. बांजाचं झाड आपल्याकडे नाही. पानं कडक, काठाला काटे, आणि खोडांवर इतकं शेवाळ की खोड दिसतच नाही. पायाखाली पानांचा चिखल. बोलणं आपोआप बंद झालं. वाटाड्याने आधीच सांगून ठेवलं होतं की नाकाने श्वास घेता येईल तेवढ्याच वेगाने चाला, तोंड उघडायला लागलं की थांबा. सबंध यात्रेत याहून उपयोगाची सूचना आम्हाला कुणी दिली नाही. दादा मनात जप करत चालत होता. मी पावलं मोजायची, शंभर झाली की थांबायची.

ल्युटी बुग्यालला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मागे वळून पाहिलं तर सगरची घरं तळहातावरच्या तिळांएवढी. तिथल्या झोपडीत डाळभात मिळाला. काही यात्रेकरू इथेच मुक्काम करतात आणि ज्यांना त्रास होतो त्यांनी तसंच करावं. आम्ही पुढे गेलो. झाडं हळूहळू खुजी झाली आणि पनारच्या अलीकडे संपलीच.

पनार सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात आम्ही सतराशे-अठराशे मीटर चढलो होतो, आणि हे जास्त आहे. भाच्याचं डोकं दुखायला लागलं, जेवण नको म्हणाला. वाटाड्याने त्याला आडवं होऊ दिलं नाही. चुलीजवळ बसवलं, मीठ घातलेलं गरम पाणी थोडं-थोडं पाजलं, आणि वहिनीला स्पष्ट सांगितलं की दोन तासांत उतार पडला नाही किंवा उलटी झाली तर रात्रीच ल्युटीला उतरायचं, मी पाठीवर घेईन. आम्ही सगळे बॅटरी हातात घेऊन तयार बसलो होतो. नऊच्या सुमाराला पोराने भात मागितला. वहिनी तोवर एक शब्द बोलली नव्हती. भात वाढताना तिचे हात कापत होते.

गुरुवार : पनार ते रुद्रनाथ

पहाटे साडेपाचला वाटाड्याने झोपडीची फळी बाजूला केली आणि आम्हाला बाहेर बोलावलं. आकाश धुतल्यासारखं. पूर्वेला नंदादेवी, तिच्या अलीकडे त्रिशूळ आणि नंदाघुंटी, डावीकडे हाथी पर्वत. नंदादेवी 7816 मीटर. ऊन सगळ्यात आधी तिच्या माथ्यावर पडलं, मग एकेक शिखर उजळत गेलं, आणि आमच्या पायांपर्यंत यायला त्याला अर्धा तास लागला. दादाने तिथेच उभं राहून सूर्याला अर्घ्य दिलं.

पनारपासून वाट डोंगराच्या कुशीतून जाते. आता गवत आणि दगड, डावीकडे दरी. धुकं कधीही येतं आणि आलं की पुढचा माणूस दिसत नाही, म्हणून वाटाड्या सतत हाक देत होता आणि आम्ही ओ देत होतो. चढ पित्रधारला संपतो. सबंध वाटेवरची ही सर्वांत उंच जागा, चार हजार मीटरच्या जवळची. लहानशी देवळं आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला दगडांवर दगड रचलेल्या कितीतरी उतरंडी. येणारा प्रत्येक जण आपल्या पितरांच्या नावाने एक दगड ठेवतो. आम्ही आजी-आजोबांचे ठेवले, बाबांचा ठेवला. वहिनीने तिच्या आईचा ठेवला, आणि मग थोडं थांबून सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आईचा. आमच्या दोघांच्या आधी तिला सुचलं ते.

पित्रधारनंतर उतार आणि सपाटी. उन्हाळा-पावसाळ्यात इथल्या फुलांच्या वासाने माणसाला गुंगी येते असं सांगतात. आमच्या वेळी फुलं सरली होती. खडकांच्या आडोशाला एखाददुसरं ब्रह्मकमळ सुकायला आलेलं. पंचगंगा नावाच्या थांब्यावर चहा घेतला. पुढे देवदर्शिनी. इथून देऊळ पहिल्यांदा दिसतं, म्हणून हे नाव. समोरच्या कड्याच्या पोटाशी चिकटलेलं एक करडं छप्पर आणि त्यावरचा ध्वज. चालण्याचा वेग कुणी सांगितलं नाही तरी वाढला.

रुद्रनाथाचं देऊळ म्हणजे खरं तर खडकाची कपार. पुढे दगडी भिंती आणि दार घालून तिचं देऊळ केलं आहे. सुमारे 3600 मीटरवर. आवारात पांडवांची छोटी देवळं आहेत आणि वनदेवीचं ठाणं आहे. या रानाची राखण तिच्याकडे. पुजारी गोपेश्वरचे, कपाट उघडल्यापासून बंद होईपर्यंत इथेच राहतात. सूर्यकुंड, चंद्रकुंड, ताराकुंड, मानसकुंड अशी पाण्याची ठिकाणं भोवताली आहेत.

संध्याकाळची आरती सुरू झाली तेव्हा आत आम्ही आणि बंगालहून आलेलं एक जोडपं, एवढेच. गाभाऱ्यात शिवलिंग नाही. खडकातून आपोआप उमटलेलं मुख आहे, मान किंचित एका बाजूला कललेली. संध्याकाळी शृंगार असतो, फुलं असतात, तरी समईच्या उजेडात तो चेहरा स्पष्ट दिसतो. पिंडीसमोर उभं राहण्याची आपल्याला सवय असते. चेहऱ्यासमोर उभं राहिलं की गोष्ट बदलते, तो आपल्याकडे पाहतो. काय मागायचं ते ठरवून आले होते, त्यातलं काहीही आठवलं नाही. आरती झाल्यावर पुजारी म्हणाले, तुमच्या भाषेतली म्हणा. दादाने शंकराची मराठी आरती सुरू केली, आम्ही तिघांनी साथ धरली, आणि बंगाली काका हातांनी ताल देत राहिले.

शुक्रवार : वैतरणी, आणि मंडलची वाट

पहाटे निर्वाणदर्शन असतं. रात्रीचा शृंगार उतरवलेला, अभिषेकाचं पाणी ओघळतंय आणि खडकाचं खरं रूप समोर. मला हे दर्शन संध्याकाळपेक्षा मोठं वाटलं. मुक्काम न करता दुपारी येऊन लगेच उतरणाऱ्यांना ते मिळत नाही, म्हणून सांगते, एक रात्र इथे राहाच.

मग वैतरणीवर गेलो. ओढ्याएवढीच आहे, दगडांतून वाहणारी, काठांवर रात्रीचं दवबिंदूंचं हिव गोठलेलं. श्राद्ध घरी रीतीने व्हायचंच होतं, इथे फक्त तर्पण. पुजाऱ्यांच्या भावाने सांगायचं कबूल केलं. दादाने सोवळं नेसून वर शाल घेतली आणि काठावर बसला. इंदूरहून आणलेले काळे तीळ आणि दर्भ पुडीतून काढले. गार हाताने दर्भाची पवित्रकं बोटात घालता येईनात, तेव्हा भाच्याने ती घातली. जानवं अपसव्य केलं. संकल्पात गोत्र विचारलं. दादा म्हणाला, "अत्रि." मग प्रवर, म्हणजे गोत्रातल्या ऋषींची नावं, सांगितला, "आत्रेय, आर्चनानस, श्यावाश्व." पुजाऱ्यांचा भाऊ थांबला आणि मागच्या डोंगराकडे बोट करून म्हणाला, "अत्रि? तो फिर आप घर जा रहे हो।" त्याच डोंगरापलीकडे आम्हाला उतरायचं होतं.

अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सुटलं, तीळ वाहून गेले. बाबा, आजोबा, पणजोबा. दादाचा आवाज आजोबांपर्यंत नीट होता. मग पुजाऱ्यांच्या भावाने मला विचारलं, बेटी भी देगी? घरी हे कुणी विचारलं नसतं. लग्नानंतर माझं गोत्र बदललं आहे, हे मी सांगितलं. ते म्हणाले, पिता तो नहीं बदले. मी तीन ओंजळी दिल्या. पाणी इतकं थंड की बोटं वळेनात; पण ते तीळ तळहातावरून सुटताना मला एकेक कळले.

आठ वाजता निघालो. पंचगंगेपर्यंत परत यायचं आणि तिथून सगरची वाट सोडून नाओला खिंडीकडे वळायचं. सामानाचं खेचर इथून सगरकडे परत गेलं. खिंडीत उभं राहिलं की एकीकडे बर्फाची रांग आणि दुसरीकडे खाली अनसूयेचं दाट जंगल, ज्याचा तळ दिसत नाही. आणि मग उतार.

उताराचा सराव करा, असं मी वर म्हटलं ते या दिवसासाठी. खिंडीपासून अनसूयेपर्यंत दीड हजार मीटरहून जास्त उतरायचं असतं आणि मधे सपाट असं फारसं काही नाही. हंस बुग्यालपर्यंत गवत होतं, तोवर ठीक. पुढे जंगलात वाट म्हणजे मुळांच्या आणि ओल्या दगडांच्या पायऱ्या. वाटाड्याने रिंगालच्या, म्हणजे बुटक्या बांबूच्या, काठ्या तोडून टोकं तासून दिली होती, त्या नसत्या तर आम्ही उतरलो नसतो. तिसऱ्या तासानंतर गुडघे थरथरायला लागतात, प्रत्येक पाऊल ठरवून टाकावं लागतं. वहिनी उलटी वळून, हात टेकून उतरली काही ठिकाणी. अस्वलांचा भाग आहे, म्हणून वाटाड्या दर वळणावर टाळी वाजवून मोठ्याने काहीतरी ओरडत होता. दोन ठिकाणी ताजी खणलेली माती त्याने दाखवली आणि आम्हाला जवळजवळ चालायला सांगितलं. जळवाही होत्या, मिठाची पुडी कामाला आली.

पण हे जंगल! सगरच्या बाजूला वाट रुळलेली आहे, माणसं भेटतात. इथे दिवसभरात एकही माणूस भेटलं नाही. बुरांशाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, झाडं इतकी जुनी की दोघांच्या कवेत मावणार नाहीत. एकदा मोनाल पक्षी अगदी पायांजवळून उडाला, निळा-हिरवा-तांबूस, क्षणभरच. पाण्याचा आवाज सतत कुठून तरी येत होता आणि उतरेल तसा वाढत होता. दुपारी पोळीचे तुकडे आणि गूळ खाल्ला, झऱ्याचं पाणी प्यालो. अत्री-अनसूयेने तपाला जागा निवडली असेल तर अशीच असणार, हे मला त्या दगडावर बसल्या-बसल्या पटलं.

अंधार पडता-पडता देवदारांमधून देवळाचा कळस दिसला. शेवटची सपाट वाट आली तेव्हा पाय सपाटीवर चालायचं विसरले होते.

शनिवार : अनसूया, अत्रिगुहा, मंडल

देऊळ दोन हजार मीटरच्या आसपास, जंगलाने वेढलेलं. दारात एकाच शिळेतून घडलेला गणपती. आत अनसूयामाता, आणि आवारात तीन मुखांची पाषाणाची दत्तमूर्ती. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली कथा आम्ही लहानपणापासून ऐकली आहे. तिघे देव अतिथी होऊन आले, नको ती अट घातली, आणि तिने त्यांची तान्ही बाळं करून पाळण्यात घातली. तीच कथा देवळातल्या पुजारीणबाईंनी गढवाली वळणाच्या हिंदीत सांगितली तेव्हा तिच्यातली अनसूया थेट त्यांच्या गावची सून होती. मार्गशीर्षात दत्तजयंतीला इथे मोठी जत्रा भरते, आजूबाजूच्या गावांच्या देव्यांच्या डोल्या मातेला भेटायला येतात. मूल व्हावं म्हणून नवस करणारी जोडपी त्या रात्री देवळात जागतात. दत्तजयंतीला आपण इंदुरात पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. त्याच वेळी इथे ह्या बायका थंडीत रात्रभर आईपाशी बसलेल्या असतात. मला हे आधी माहीत असतं तर दरवर्षी पाळण्याची दोरी हाती घेताना त्यांची आठवण केली असती. आता करीन.

अत्रिमुनींची गुहा देवळापासून दोनेक किलोमीटरवर, अमृतगंगेच्या काठाने वर. शेवटचा टप्पा अवघड आहे. कड्याला साखळी लावलेली आहे, ती धरून खडकावर चढायचं, मग एका अरुंद फटीतून पोटावर झोपून सरकत जायचं. दादा पुढे, त्याच्या मागे मी. फटीत डोकं वर करता येत नाही, नाकासमोर ओला खडक आणि हातांखाली माती. पलीकडे निघालं की आपण धबधब्याच्या मागे असतो. पाण्याचा पडदा समोर, आपण आत, आणि त्याला तसंच वळसा घालून प्रदक्षिणा पुरी करायची. पाण्यालाच प्रदक्षिणा घालायची अशी जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दादाने तिथे बसून पुन्हा एकदा गोत्र आणि प्रवर म्हटला, मोठ्याने. धबधब्याच्या आवाजात तो मलाही ऐकू आला नाही, ओठ हलताना दिसले. मग भाच्याला जवळ घेऊन त्याच्याकडून म्हणवून घेतला. मुंजीनंतर त्याने तो म्हटल्याला वर्षं झाली होती. श्यावाश्व शब्दावर अडखळला, पण म्हटला.

परतीची वाट, देवळापासून मंडलपर्यंत पाच-सहा किलोमीटर, बांधीव आणि सोपी. सिरोली गावातून जाते. या खोऱ्यातल्या लोकांचं जंगलाशी नातं किती घट्ट आहे ते मंडलमध्ये कळतं. 1973 च्या एप्रिलमध्ये इथल्याच रानातली अंगूची (इंग्रजीत ॲश) झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला तोडायला दिली गेली. गावकऱ्यांना नांगराच्या सामानासाठी तीच झाडं नाकारलेली होती. तेव्हा चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाच्या माणसांबरोबर गाव उभं राहिलं आणि तोडणाऱ्यांना रिकाम्या हाती परत जावं लागलं. चिपको आंदोलनाची सुरुवात ती. रेणीच्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या बायका त्याच्या पुढच्या वर्षीच्या. आदल्या दिवशी ज्या बुरांशांखालून आम्ही आलो, ती झाडं उभी आहेत यात या गावाचा हात आहे. चहाच्या टपरीवरच्या आजोबांना हे विचारलं तर ते म्हणाले, हमारे पेड़ थे, और क्या करते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. चढायला सगरचीच वाट घ्या. मंडलकडून चढणं तरण्याताठ्यांनाही जड जातं. पहिल्या दिवशी थेट पनार गाठण्याऐवजी ल्युटीला थांबा, आम्हीही पुन्हा गेलो तर तसंच करू. उतरताना मात्र मंडलची वाट सोडू नका, निदान आपल्या दत्तसंप्रदायातल्या माणसाने तरी. ज्यांना रुद्रनाथ झेपणार नाही त्यांनी नुसतं मंडलहून अनसूयेला यावं. सत्तरीतल्या बायका काठी टेकत ती वाट चढताना आम्ही पाहिल्या. वाटाड्या स्थानिकच घ्या, त्याला ठरल्यापेक्षा थोडं जास्त द्या, आणि नाओला खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडा. त्यानंतर धुकं भरतं आणि जंगलात अंधार फार लवकर होतो.